सायकलवरून उतरलं की पाय ऐकत का नाहीत?

वाचकाचं पत्र

ताई, मी ३९ वर्षांची, कोल्हापुरात बँकेत काम करते. गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं सलग करायच्या ट्रायथलॉनला, नाव घातलंय. पोहणं जेमतेम, सायकल बरी, धावणं मात्र माझं हक्काचं. अडचण अशी की सायकलवरून उतरून धावायला लागले की पाय माझे राहतच नाहीत. रविवारी आम्ही पन्हाळ्याच्या दोन फेऱ्या मारतो. घाट चढताना पेडल मिनिटाला साठ वेळा फिरलं तरी खूप. उतरल्यावर केर्लीपासून शहरापर्यंतचा सपाट रस्ता मी मोठ्या गिअरवर सावकाश संपवते आणि तशीच रंकाळ्यावर जाऊन आठ किलोमीटर धावते. पहिला किलोमीटर भयानक जातो. सरपटतेय असं वाटतं. घड्याळ मात्र किलोमीटरला ६:०५ मिनिटं दाखवतं, आणि एरवी मी साडेसहाच्या वेगाने धावते. पावलं मिनिटाला १६० पडतात, एरवी १७२. ग्रुपमधले म्हणतात, टांग लांब टाक, पाय मोकळे होतील. तसं करतेय. तिसऱ्या किलोमीटरला मुलाने मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो आणि एरवी ताज्या पायांनी धावतानाचा व्हिडिओ, दोन्ही पाहिले तर मला फरकच कळला नाही. मग बिघडतं नक्की काय? सायकलमुळे माझं धावणं कायमचं खराब होतंय का? आणखी एक, दीड महिना झाला, उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं, पण फक्त सायकलनंतरच्या धावेत. ग्रुपचं मत, ‘ब्रिक (सायकल आणि लगेच धाव, असा जोडसराव) वाढव, सवय होईल.’ नवऱ्याचं मत, ‘सायकलच बदलू, ट्रायथलॉनची घेऊ.’ मी काय करू?
— रंकाळ्यावरची

उत्तर

प्रिय रंकाळ्यावरची,

कायमचं काही खराब होत नाहीये. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. नडगीचं दुखणं मात्र मला आवडलेलं नाही, आणि लांब टांगेचा सल्ला तर त्याहून नाही.

तुम्ही आकडे पाठवलेत, ही मोठी सोय झाली. अशा बहुतेक पत्रांत ‘पाय जड होतात’ यापलीकडे काही नसतं. तुमच्याच आकड्यांचा जरा हिशेब करू, बँकेतल्या माणसाला तो जड जाणार नाही. पहिला किलोमीटर ६:०५ मध्ये, म्हणजे मिनिटाला साधारण १६४ मीटर. तेवढ्यात पावलं १६०. एक पाऊल झालं जवळजवळ १०३ सेंटिमीटरचं. एरवी साडेसहाच्या वेगाला मिनिटाला १५४ मीटर आणि १७२ पावलं, म्हणजे पाऊल ९० सेंटिमीटरच्याही आत. दर पावलाला १३ सेंटिमीटर जास्त! आपण सरपटतोय असं ज्या किलोमीटरला तुम्हाला वाटतं, त्याच किलोमीटरला तुम्ही एरवीपेक्षा जोरात आणि चांगल्या ढांगा टाकत पळताय. तीन-साडेतीन तास सायकल हाणल्यावर.

म्हणजे पहिल्या किलोमीटरला खोटं बोलतेय ती तुमची जाणीव. तिच्यावर विश्वास ठेवून तुम्ही पायांना नको ते काम सांगताय.

जाणीव खोटी का बोलते, याचं एक कारण अगदी साधं आहे. सपाटीवर सायकल ताशी पंचवीस-तीसने जात असते, घाट उतरताना त्याहून कितीतरी जास्त. डोळ्यांना रस्ता त्या वेगाने मागे पळताना बघायची सवय लागते, अंगावर वारा असतो. उतरून धावायला लागलात की वेग एकदम ताशी दहावर येतो. वारा बंद, झाडं जागच्या जागी. मेंदू म्हणतो, थांबलो की काय? मग आपण नकळत रेटायला लागतो. पहिला किलोमीटर जोरात जाणं ही ट्रायथलॉनमधली सगळ्यात सार्वत्रिक चूक आहे, आणि ती करताना प्रत्येकाला आपण हळू जातोय असंच वाटत असतं.

दुसरं कारण पायांतलं. सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीट घेते. पाऊल पेडलला बांधलेलं, त्याने ठरलेल्या वर्तुळात फिरायचं. गुडघा पूर्ण सरळ होत नाही, मांडी शरीराच्या मागे कधीच जात नाही. स्नायू बहुतेक वेळ आखडत जोर लावतात. धावताना सगळं उलटं. प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. मांडीचा आणि पोटरीचा स्नायू आधी ताणला जात तो भार झेलतो आणि लगेच आखडून शरीर पुढे फेकतो. मांडी मागे जावी लागते, खुबा उघडावा लागतो. तासन्‌तास एक लय चालवल्यावर मेंदू आणि मज्जारज्जू ती लगेच सोडत नाहीत. बोटीतून धक्क्यावर उतरल्यावर थोडा वेळ जमीन हलल्यासारखी वाटते ना, त्याच जातीचं हे आहे. जमीन हलत नसते.

आता तुमचा मुख्य प्रश्न: बिघडतं नक्की काय? यावर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये एक फार नेटका अभ्यास प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय दर्जाचे १४ ट्रायथलीट घेतले. एकदा त्यांना ताज्या पायांनी धावायला लावलं, एकदा २० मिनिटं सायकल चालवून मग ३० मिनिटं धावायला लावलं. पायांची हालचाल तिन्ही दिशांनी मोजली. शिवाय नडगीच्या पुढच्या बाजूला, जरासा बाहेरच्या अंगाला जो स्नायू असतो, पाऊल वर उचलणारा, त्याच्यावर इलेक्ट्रोड लावून तो कधी आणि किती काम करतो हे टिपलं. निकाल असा की पायांची हालचाल १४ पैकी कुणाचीही बदलली नाही. एकाचीही नाही. १४ पैकी ५ जणांत मात्र त्या स्नायूचं काम बदललेलं निघालं, आणि बदलून ते सायकल चालवतानाच्या कामासारखं झालं होतं. म्हणजे पाय दिसायला धावत होते, आतला एक स्नायू अजून पेडल मारत होता. हा थकव्याचा परिणाम असेल असं कुणालाही वाटेल. संशोधकांनी तेही तपासलं. स्नायूंची ताकद मोजली, थकव्याच्या विद्युत खुणा पाहिल्या. थकवा हे कारण निघालं नाही. वर्षानुवर्षं सराव केलेल्या खेळाडूंत हे दिसलं, म्हणून मला तो अभ्यास महत्त्वाचा वाटतो.

तुमचे दोन व्हिडिओ सारखे दिसले, यात म्हणूनच नवल नाही. तिसऱ्या किलोमीटरपर्यंत ढांगा टाकून तुम्ही दमता, मुद्दाम काही करणं सोडता, आणि पाय त्यांच्या मूळच्या चालीवर येतात. त्यांना ती येतेच. पहिल्या किलोमीटरचाही एक व्हिडिओ मुलाकडून काढून घ्या आणि बाजूने घ्यायला सांगा. पाऊल गुडघ्याच्या बरंच पुढे, टाचेवर आपटत पडताना दिसलं, तर माझा हिशेब बरोबर आहे असं समजा.

त्या अभ्यासाची मर्यादाही सांगायला हवी. ते खेळाडू अव्वल होते आणि सायकल फक्त २० मिनिटं, तीही मध्यम जोराने. तुम्ही पन्हाळा दोनदा चढून येता. सर्वसाधारण ट्रायथलीटांवरच्या अभ्यासांत कंबरेच्या आसपासचा फरक दिसलेला आहे: सायकलनंतर धडाचा आणि कंबरेचा कल पुढे राहतो, मांडी मागे जायची तेवढी जात नाही. हँडलवर वाकून बसलेलं शरीर उभं राहायला वेळ घेतं, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय तोच वेग राखायला सायकलनंतर जास्त ऊर्जा लागते. २००० साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये या विषयाचा एक आढावा आला होता. त्यात ही वाढ १.६ टक्क्यांपासून ११.६ टक्क्यांपर्यंत नोंदलेली आहे. पसरट आकडा आहे, कारण माणसागणिक, सरावागणिक, उन्हागणिक तो बदलतो. घाम जातो, पोटऱ्या-मांड्यांतला साखरेचा साठा उतरतो, श्वासाचे स्नायूही दमलेले असतात. त्यामुळे ताज्या पायांचा साडेसहाचा वेग सायकलनंतर जसाच्या तसा मिळेल ही अपेक्षाच सोडा. आणि तुम्ही ६:०५ ला सुरुवात करताय!

आता पन्हाळा. मला त्या रस्त्याबद्दल तक्रार नाही, कोल्हापूरला राहून पन्हाळा-जोतिबा न करणं म्हणजे कर्मदरिद्रीपणाच. पण तुमच्या रविवारच्या सरावात धावण्याच्या दृष्टीने तीन वाईट गोष्टी एकापाठोपाठ येतात. घाटात साठच्या केडन्सने (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) जड गिअर ढकलणं, म्हणजे मांड्या पिळून काढणं. मग वाघबीळच्या बाजूने उतरताना पेडल न मारता वाकून बसणं, त्यात पाय गार पडतात आणि खुबा आखडतो. आणि मग केर्लीपासून शिवाजी पुलापर्यंतचा सपाट रस्ता, म्हणजे पायांना धावण्यासाठी तयार करायला देवाने दिलेली जागा, तीही तुम्ही मोठ्या गिअरवर सावकाश घालवता. पाय दमलेत म्हणून तुम्ही तसं करता, हे कळतं मला. पण हळू फिरणाऱ्या जड पेडलने दमलेले पाय आणखी दमतात, आणि उतरल्यावर ती मंद लयच सोबत येते. तुमची १६० पावलं कुठून आली, तर बरीचशी त्या रस्त्यावरून.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १३ पुरुष ट्रायथलीटांवर झालेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी अर्धा तास सायकल चालवायची आणि मग ३,२०० मीटर धावायचं. एकदा स्वतःच्या सवयीच्या केडन्सने, एकदा २० टक्के जलद, एकदा २० टक्के हळू. जलद केडन्सनंतर ते हळू केडन्सच्या तुलनेत जवळपास एक मिनिट लवकर पोचले. पावलाची लांबी तीच राहिली, वाढली ती पावलांची संख्या. पायांनी सायकलची लय उचलली आणि धावताना तीच चालू ठेवली.

पण म्हणून शंभरच्या वर केडन्स नेऊन गरागरा पेडल मारत सुटू नका. २००५ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात उलटं दिसलं. सायकलच्या शेवटच्या दहा मिनिटांत केडन्स कमी ठेवलेले ट्रायथलीट त्यानंतर जास्त वेळ धावू शकले, कारण कमी केडन्सला प्राणवायू कमी खर्च होतो. दोन्ही अभ्यास आपापल्या जागी खरे असू शकतात. तीन किलोमीटरसाठी चटकन लय मिळणं मोलाचं, लांब धावेसाठी बचत मोलाची. तुम्हाला धावायचेत २१ किलोमीटर. माझं मत असं: साठ नको, शंभर नको. शेवटची सात-आठ मिनिटं एक गिअर हलका करून ८५-९० च्या आसपास ठेवा, जोर न वाढवता. ८५-९० हा आकडा हवेतून आणलेला नाही. एका पायाची ८६ पावलं म्हणजे दोन्ही पायांची १७२, तुमचीच नेहमीची लय. ताशी वेग थोडा कमी झाला तर होऊ दे.

याच मिनिटांत अधूनमधून पेडलवर उभं राहा, टाच खाली दाबून पोटरी ताणा, खुबा हँडलकडे ढकला. यात जादू काही नाही. पण वाकलेलं अंग उतरण्याआधी एकदा उघडून घेतलेलं बरं.

लांब टांगेबद्दल आता वेगळं सांगायला नको, पण ग्रुपमध्ये वाद होणार म्हणून मुद्दा देऊन ठेवते. पाय मोकळे वाटत नाहीत म्हणून पाऊल लांबवलं की ते शरीराच्या पुढे पडतं. पुढे पडलेलं पाऊल ब्रेकचं काम करतं. गुडघा सरळ असताना धक्का वर झिरपतो, आणि त्याचा मोठा वाटा घेते नडगी. पावलं जलद आणि छोटी ठेवली की तोच वेग कमी धक्क्यात मिळतो. पाय मोकळे होतात ते त्यांना एकटं सोडल्यावर.

आता नडगी. दीड महिन्याचं दुखणं आहे, एका बाजूचं आहे, ठरावीक वेळीच येतं. याला ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनीच पुढे असंही दाखवलं की ज्या ट्रायथलीटांत सायकलनंतर स्नायूंचं काम बदलतं, त्यांच्यात व्यायामामुळे होणाऱ्या पायदुखीचा पूर्वेतिहास जास्त सापडतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही. आणि त्यांनी मोजलेला स्नायू नडगीच्या पुढच्या बाजूचा, तुमचं दुखणं आतल्या बाजूचं. तेव्हा ‘मी त्या पाचांपैकी’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. तुमच्या बाबतीत लांब पाऊल, मंद लय आणि दमलेली पोटरी एवढं कारण पुरेसं आहे. ताज्या धावेत दुखत नाही ही जमेची बाजू.

तरी स्वतः तपासून बघा. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत न्या. तीन-चार बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे सारखं दुखत असेल, तर बहुधा हाडाच्या आवरणाला आणि तिथल्या स्नायूंना ताण पडलाय, आराम आणि सुधारणेने जाईल. पण एकाच जागी, रुपयाएवढ्या ठिकाणी बोट ठेवलं की ओरडावंसं वाटतं, त्या एका पायावर उडी मारली की दुखतं, रात्री झोपेत किंवा बसल्या जागी ठणकतं, यातलं एक जरी असेल तर धावणं त्याच दिवशी बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. एक्स-रे साफ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. हाडावरच्या ताणाची चीर सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. आणि जे बायका ग्रुपमध्ये बोलत नाहीत ते इथे विचारते: सराव वाढल्यापासून पाळी अनियमित झालीय का? वजन उतरलंय का? पहाटे उपाशी सायकल, मग धाव, मग तशीच बँकेत, असं चाललंय का? तसं असेल तर डॉक्टरांना नडगीबरोबर तेही सांगा. खाणं कमी पडलं की हाडं आधी तक्रार करतात.

वरच्या धोक्याच्या खुणा नसतील तर पुढचे दोन आठवडे सायकलनंतर धावू नका. सायकल चालवा, उतरल्यावर रंकाळ्यावर दहा मिनिटं भरभर चाला, पाठ ताठ ठेवून. ताज्या पायांनी धावता ते चालू ठेवा, दुखत नाही तोवर. मग सायकलनंतरची धाव पुन्हा सुरू करा, पण दहा मिनिटांची. आठ किलोमीटर विसरा. आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवा, दुखलं तर एक पायरी मागे. पोटरीचे व्यायाम रोज करा: जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, आधी दोन्ही पायांनी, मग एकेका पायाने, गुडघा सरळ ठेवून आणि थोडा वाकवूनही.

दुखणं पूर्ण थांबल्यावर दोरीच्या उड्या. यालाही कारण आहे. सायकलनंतर ज्यांच्या स्नायूंचं काम बदलत होतं अशा काही ट्रायथलीटांना ऑस्ट्रेलियातच आठ आठवडे उड्यांचा सराव देऊन पाहिला, आणि त्यांच्यातला बदल सुधारलेला दिसला. माणसं फार थोडी होती, संशोधकांनीच त्याला प्राथमिक प्रयोग म्हटलंय. पण उड्यांत स्नायू ताणला जाऊन लगेच आखडतो, सायकल नेमकं तेच विसरायला लावते, म्हणून मला ते पटतं. आठवड्यातून दोनदा, मिनिटभराचे चार-पाच डाव. दुखऱ्या नडगीवर मात्र एकही उडी नको.

‘ब्रिक वाढव’ याचं काय? वाढवा, पण लांबी नाही, खेपा वाढवा. रविवारी एकदा पिळून निघण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा चाळीस-पन्नास मिनिटं सायकल आणि लगेच दहा-पंधरा मिनिटं धाव, यातून उतरण्याची सवय जास्त लागते. फ्रान्समधल्या २००२ च्या एका अभ्यासात सहा आठवडे अशा आलटून-पालटून सायकल-धावेचा सराव केलेल्यांची एकूण कामगिरी नेहमीचा सराव करणाऱ्यांपेक्षा फार पुढे गेली नाही, पण सायकलवरून धावण्यावर जाण्याचा टप्पा मात्र त्यांचा जास्त सुधारला. तुमची अडचण नेमकी त्याच टप्प्याची आहे. बँकेच्या दिवशी पन्हाळ्याला जायची गरज नाही. घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) पेडल मारून गल्लीत धावलात तरी चालेल. शेजारी हसतील, हसू दे.

नवऱ्याच्या मताला थोडा आधार आहे, हे त्यांना सांगा, बरं वाटेल. ट्रायथलॉनच्या सायकलीत सीटखालची नळी जास्त उभी असते, त्यामुळे मांडी आणि धड यांच्यातला कोन उघडा राहतो. २००० सालच्या एका अभ्यासात ७३ अंशांच्या चौकटीपेक्षा ८१ अंशांच्या चौकटीवर ४० किलोमीटर चालवल्यावर पुढचे १० किलोमीटर जलद धावले गेले. पण धावणारे होते मोजकेच. आणि तशी सायकल पन्हाळ्याच्या घाटात, वळणावर, वडापच्या जीपा अंगावर येत असताना चालवणं हे वेगळंच शिक्षण आहे. हात पुढे टेकवून बसलेले असताना ब्रेक हाताशी नसतात. आहे त्याच सायकलचं फिटिंग जाणकाराकडून एकदा करून घ्या: सीटची उंची, पुढे-मागे सरकवणं, बुटाखाली पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटची जागा. घरच्या घरी सीट एकदम दोन-तीन सेंटिमीटर पुढे ढकलण्याचा उद्योग करू नका, गुडघा बिघडेल. नव्या सायकलचे लाखभर रुपये गोव्यापर्यंत तुमच्याच बँकेत राहू देत.

गोव्याची ही शर्यत २०१९ मध्ये मिरामारला पहिल्यांदा झाली. अंतरं तुम्हाला पाठच असतील, १.९ किलोमीटर समुद्र, ९० सायकल, २१.१ धाव. कोल्हापूरच्या पहाटेच्या हवेत केलेला सराव आणि तिथला दमट उकाडा यात मोठा फरक आहे. घाम वाळतच नाही, हृदयाचे ठोके त्याच वेगाला वर जातात. म्हणून शेवटचे काही आठवडे एखादी ब्रिक मुद्दाम उशिरा, ऊन चढल्यावर करा, पाणी आणि मीठ बरोबर ठेवून.

शर्यतीच्या दिवशी सायकल टांगल्यावर खाली बसा. उभ्या-उभ्या एका पायावर मोजे चढवण्याच्या नादात पोटरीत गोळा आलेले लोक दर शर्यतीत दिसतात. मोजे घाला, अर्धा मिनिट गेला तरी, २१ किलोमीटर आहेत. टोपी डोक्यावर, दोन घोट पाणी, मग उठा. बाहेर पडताना छाती वर, नजर लांब. पहिल्या किलोमीटरला घड्याळात फक्त दोन गोष्टी बघायच्या. एक, वेग सातच्या आसपास आहे ना. सहाने सुरू होणारा आकडा दिसला तर लगेच हळू व्हा, कितीही सरपटतेय असं वाटलं तरी. दुसरी, पावलं. घड्याळ उशिरा दाखवत असेल तर उजवं पाऊल अर्धा मिनिट मोजा, ४३ भरली पाहिजेत. कमी भरली तर पाऊल छोटं करा, वेग वाढवू नका. दोन किलोमीटर झाले आणि श्वास बोलण्याइतका मोकळा असेल, तर पावणेसातवर या. तिथून पुढे बारा-तेरा किलोमीटरपर्यंत काहीही ठरवू नका. पाणी देणाऱ्या प्रत्येक टेबलापाशी चालत प्या, डोक्यावर बर्फ मिळाला तर घ्या. तोवर नडगी गप्प असेल आणि अंगात जोर उरला असेल, तर मग साडेसहा बघा.